आपलीच पानं

सिंगापूरच्या विमानतळावर मी माझ्या सख्ख्या आईला स्वतःहून पकडून दिलं. तिचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर होतं, आणि तिला भूक लागली होती.

दोष द्यायचाच तर हवेला द्या. मी, आई आणि माझी तेरा वर्षांची मुलगी ईरा, अशी तिघं इंका लोकांचा मुलूख बघायला पेरूला गेलो होतो. (बायकोला रजा मिळाली नाही. ती अजूनही याला आपलं नशीब म्हणते!) सिंगापुरात मरीन परेड भागात बाराव्या मजल्यावर राहणारा माणूस एकदम अकरा हजार फुटांवर कुस्कोत जाऊन पडला की काय होतं, ते मला विचारा. पाय जमिनीवर असतात, डोकं मात्र सुटून वर कुठंतरी हिंडत असतं. दगडी गल्ल्या हळूहळू डोलतात. ढग खिडकीतून आत येतात, जरा टेकतात, निघून जातात. पहिल्याच संध्याकाळी आईनं गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात बटाट्याची भाजी केली, तर ती खाताना माझे डोळे भरून आले.

"काय सुगंध आहे गं! हा इथल्या मातीचा गुण. बटाटा मुळात इथलाच ना!"

आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी आमची गाईड रोसा आम्हाला एका खिंडीत घेऊन गेली. समोर बर्फाचं शिखर, खाली पायऱ्यापायऱ्यांची हिरवी शेतं, आणि इतकी शांतता की लामा चरताना गवत तुटल्याचं ऐकू येई. रोसानं झोळीतून तीन पानं काढली, पंख्यासारखी बोटांत धरली, डोळे मिटले आणि शिखराकडे हळूच फुंकर घातली. "आपू," ती म्हणाली. डोंगराच्या देवाला तिकडे आपू म्हणतात.

आईचा चेहरा उजळला. "अगंबाई, त्रिदळ! बेलच वाहतायत की डोंगराला! आणि नाव काय म्हणाली, आप्पा? अरे, ही तर आपलीच माणसं!"

रोसानं तिच्याही हातावर तीन पानं ठेवली. आईनं ती डोळ्यांना लावली. पुढं त्यांचं काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी एका ढगाकडे बघत होतो. तो शिखराला टेकून निवांत झोपला होता आणि मलाही अगदी तसंच झोपावंसं वाटत होतं.

"बाबा, दॅट वन कोका लीफ, यू नो," ईरा म्हणाली. "सिंगापूर कान्ट ब्रिंग, लाह."

"हं," मी म्हणालो आणि परत ढगाकडे वळलो.

हे "हं" मला एक अख्खा महासागर ओलांडल्यावर, सिंगापुरात सामानाच्या पट्ट्यापाशी आठवलं. आई पर्समध्ये खडीसाखर शोधत होती. हाताला लागली स्टीलची डबी. झाकण उघडलं, तर आत वाळलेली, टोकदार, हिरवी पानं!

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून पेरूत ज्या कोकाच्या पानांचा चहा पाहुण्याला देतात, तीच पानं इथं सापडली तर थेट तुरुंग, कारण कोकेन त्यांच्यातूनच काढतात! आणि मी कोण? हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीतला कंप्लायन्सचा माणूस! संशयास्पद माल कसा ओळखावा, यावर दरवर्षी लोकांना लेक्चर देणारा!

"आई, ही पानं कुठली?"

"आपलीच."

"आपली म्हणजे? आपूची?"

"आपली रे! ओरडतोस काय असा?"

मला डोळ्यांपुढे दिसलं: आई कोठडीत बसून पहारेकऱ्याला आमटीत मीठ कमी असल्याचं सांगतेय. मला रडू फुटायचंच बाकी होतं. आपणहून सांगितलं तर सोडतील, या एका आशेवर मी तिचा हात धरला आणि माल जाहीर करायच्या लाल काउंटरवर गेलो.

"मॅडम, माझी आई निर्दोष आहे," मी इंग्रजीत एका दमात सुरू केलं. "तिला वाटलं, ही आमच्या देवाची पानं. चूक माझी. मी ढग बघत होतो."

"काय बोलतोय हा?" आईनं विचारलं.

"आजी, बाबा इज सरेंडरिंग यू," ईरा म्हणाली.

काउंटरवरच्या बाईंनी हातमोजे घातले. एक पान चुरडलं, वास घेतला. पुन्हा घेतला. मग शेजारच्यालाही घ्यायला लावला. (मी डोळे मिटून आपूला नवस बोललो!)

"अंकल," त्या म्हणाल्या, "दिस वन करी लीफ, लाह."

कढीपत्ता! आमच्याच गॅलरीतला! परदेशात फोडणीचे हाल नकोत म्हणून आईनं तो सावलीत वाळवून पेरूला नेला होता आणि उरलेला परत आणला होता.

"मग रोसानं दिलेली पानं?"

"ती तिथंच आप्पांना वाहिली. देवाला वाहायची पानं कुणी पर्समध्ये घालतं का? तू तेव्हा तोंड उघडं टाकून वर बघत होतास."

कुस्कोच्या मातीचा तो सुगंधही मरीन परेडचाच होता, हे मला टॅक्सीत उमगलं.

आता फोडणी टाकण्याआधी ती प्रत्येक डबा माझ्या नाकाखाली धरते. "ही मोहरी. हे जिरं. नीट बघून घे. पकडून द्यायचं असेल तर आत्ताच सांग, भाजी टाकल्यावर मला गॅस सोडून येता येणार नाही."