गुडघ्याने उघडणारं कपाट

सतरा वर्षं मी दरवर्षी न चुकता एक अर्ज केला. मला माझ्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीकडे, परत पाठवावं, असा. आधी तो कागदावर असे, पुढे संगणकावर आला, पण मजकूर फारसा बदलला नाही. कारण म्हणून मी 'वृद्ध आईवडील' लिहीत असे. ते दोघंही गेल्यावर 'कौटुंबिक अडचण' लिहू लागलो. लोक श्रावणात सत्यनारायण घालतात तेव्हा देव खरोखर दारात येऊन उभा राहील, अशी कुणाची अपेक्षा नसते. माझ्या अर्जाचं तसंच होतं.

गेल्या ऑक्टोबरात देव दारात येऊन उभा राहिला.

मी सायवनच्या पलीकडे एका पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळा दोन शिक्षकी. मी डहाणूहून मोटारसायकलने जातो आणि माझ्या सहकारी बाई, वयाने तरुण, तलासरीहून स्कूटरने येतात. मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे आहे. तो अकरा वर्षांपूर्वी तात्पुरता देण्यात आला होता. तिसऱ्या आहेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी. त्या पाड्यावरच्याच. शाळेत सर्वांत जुन्या त्या, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नाहीत.

या मुलखाबद्दल तक्रार करण्यात मी बरीच प्रगती केली होती. दमट हवा, पुस्तकांना येणारी बुरशी, खाडीकडून येणारा सुक्या बोंबलांचा वास. प्रत्येक तक्रार 'आमच्याकडे' या शब्दाने सुरू होई. आमच्याकडे हवा कोरडी असते. आमच्याकडे पुस्तकं टिकतात. बायको इथलीच, चिखल्याच्या चिकूच्या वाडीत वाढलेली. तिच्या माहेरी मी 'घाटावरचे जावई'. जेवायला बसलं की तिचा भाऊ हटकून विचारतो, "काय जावई, तुमच्याकडे मीठ कसं असतं?"

बदलीचा आदेश मोबाइलवर आला. शनिवारी मला इथून कार्यमुक्त करायचं होतं. त्याआधी नकार दिला तर बदली रद्द होणार होती, शनिवारी कार्यमुक्त झालो की परतीचा रस्ता बंद. नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. मला आनंद झाला आहे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की हे मी जरा जास्तच वेळा सांगतो आहे.

निरोप समारंभ मात्र गुरुवारीच उरकला, कारण प्रमुख पाहुणे गुरुवारी मोकळे होते. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख समारंभांचे भोक्ते. त्यांच्याकडे एक कायमचा फलक आहे. त्यावर 'यांचा हृद्य निरोप समारंभ' एवढं छापलेलं आहे आणि नावाची पट्टी तेवढी दर वेळी चिकटवायची असते. माझ्या नावाच्या पट्टीखालून आधी निवृत्त झालेल्या एका गुरुजींचं आडनाव डोकावत होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले. त्यांनी माझ्या क्रीडाक्षेत्रातल्या योगदानाचा गौरव केला. मी आयुष्यात खेळलेला शेवटचा खेळ म्हणजे पत्ते. मग ऑक्टोबरच्या त्या घामट दुपारी मला लोकरीची शाल पांघरण्यात आली, हातात नारळ देण्यात आला, आणि छायाचित्र चांगलं येईपर्यंत शाल काढू दिली नाही.

भातकापणीचे दिवस होते. तरी काही आया कापणी सोडून आल्या होत्या आणि मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही, त्याही बोलल्या नाहीत. निघताना पाहिलं तर माझ्या मोटारसायकलच्या पिशवीत दोन मोठ्या काकड्या होत्या. कुणी ठेवल्या ते कळलं नाही.

शुक्रवारी चार्ज द्यायचा होता. चार्ज देणं म्हणजे शाळेतली प्रत्येक वस्तू पुढच्या माणसाला दाखवायची, नोंदवहीतल्या नोंदीशी ताडून बघायची आणि दोघांनी सह्या करायच्या. नोंदवहीत वस्तू, नग, स्थिती आणि शेरा असे चार रकाने असतात. शेरा हा रकाना बोटभर रुंद. माझ्या जागी नवीन कुणी येईपर्यंत प्रभार बाईंकडे जाणार होता, म्हणून त्या सही करणार होत्या.

पहिली नोंद होती: लोखंडी कपाट, एक नग, सुस्थितीत.

बाईंनी किल्ली फिरवली आणि मूठ ओढली. कपाट ढिम्म. त्यांनी पुन्हा ओढली.

"सर, हे सुस्थितीत नाहीये."

मी पुढे झालो. डावा गुडघा दाराच्या खालच्या कडेला लावून दार जरासं वर उचललं, मग किल्ली फिरवली. कपाट उघडलं. बाईंनी करून पाहिलं. उघडलं नाही. मी म्हटलं, अजून थोडं वर, नाही, इतकं नाही. चार वेळा प्रयत्न करून त्यांनी साडीवरची धूळ झटकली आणि पुढची नोंद वाचली: हातपंप, चालू. पंप चालू होता, पण पहिले तीन दांडे हळू मारायचे, मग आतून गुळण्या केल्यासारखा आवाज येईपर्यंत थांबायचं, आणि मगच जोर लावायचा. त्यांनी आल्याआल्या जोर लावला. पंपाने हवा सोडली. वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवतो, तो वजा करायचा. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा मधोमध मारला तर नुसता थप्प वाजतो, पण खालच्या कोपऱ्यावर मारला की ओढ्यापलीकडच्या घरांत ऐकू जातो.

एवढी वर्षं बाई माझ्याबरोबर होत्या, पण ही कामं मी सकाळी त्या यायच्या आत करून टाकत असे. त्यामुळे त्यांना शाळा आपोआप चालते असं वाटत होतं. तसं मलाही वाटत होतं.

मावशी व्हरांड्यात तांदूळ निवडत हे सगळं बघत होत्या.

"लिहून द्या सगळं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "नायतर नवीन मास्तर येईल, आन पयल्याच दिवशी कपाट फोडंल."

शेऱ्याच्या रकान्यात गुडघा मावेना. मी कोरे कागद घेतले आणि लिहायला बसलो. कपाट कसं उघडायचं, तिसरी खिडकी सायकलच्या कोणत्या तारेने अडकवायची, पश्चिमेकडून पाऊस आला तर कोणती पेटी आधी हलवायची. चौथ्या पानावर मला हे सगळं आधी कुठेतरी लिहिल्यासारखं वाटू लागलं. लिहिलंच होतं, आणि जवळपास याच क्रमाने. दुरुस्ती मिळावी म्हणून वर पाठवलेल्या अर्जांत. तिथे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'त्रास होतो' असं होतं. इथे 'मग उघडतं' आणि 'मग पाणी येतं' असं होत होतं. वस्तू त्याच होत्या.

मी लिहिणं थांबवून बाहेर पाहिलं. सांगलीकडच्या शाळेतही कपाट असणारच. तेही कशाने तरी उघडत असणार आणि ती युक्ती तिथल्या कुणाला तरी ठाऊक असणार. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. दुसऱ्याच्या कपाटापुढे उभं राहून गुडघा कुठे लावायचा, हे शोधण्याचा मला अचानक फार कंटाळा आला. याला कुणी साक्षात्कार वगैरे म्हणू नये. कंटाळाच तो.

कागद घेऊन संध्याकाळी घरी आलो. बायको पुस्तकं भरत होती. तिच्या भावाने चिखल्याहून चिकूची रिकामी खोकी पाठवली होती, आणि माझी सगळी ग्रंथसंपदा चिकूचं चित्र असलेल्या खोक्यांत जाऊन बसली होती. निरोपाचा नारळ तिने खोवून कोलंबीच्या आमटीत घातला होता. तिने माझे कागद वाचले. वजनकाट्यापाशी हसली. मग ते नीट घडी घालून तिने खोक्यावर ठेवले.

मी तिला विचारलं, की तुला जायचंय का. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली आहेत, आणि हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारतो आहे, हे मला विचारून झाल्यावर जाणवलं.

"आता विचारताय? खोकी बांधून झाल्यावर?"

ती चिकटपट्टी बाजूला ठेवून खाली बसली.

"मी तुमच्याशी कधी भांडले नाही, लक्षात आलंय का तुमच्या? नळ गळतो, तर तुम्ही म्हणता राहू दे, आपण जाणारच आहोत. पडदे नकोत, जाणारच आहोत. दारात कढीपत्ता लावते म्हटलं, तर कशाला, जाणारच आहोत. निघालेल्या माणसाशी काय भांडायचं? तो तर चौदा वर्षं बॅग घेऊन स्टेशनवर उभा आहे." मग तिने आवाज खाली आणला. "जायचं असेल तर मी येते, माझं काही म्हणणं नाही. पण राहणार असाल तर तसं सांगा. मला बरंच बोलायचंय."

शनिवारी सुटी असूनही बदल्यांच्या कामासाठी ऑफिस उघडणार होतं. सकाळी ते उघडायच्या आधीच मी डहाणूला पंचायत समितीच्या पायरीवर होतो. तिथल्या क्लार्कने माझा अर्ज वाचला, मग मला वाचलं.

"गुरुजी, तुमचा निरोप झाला ना परवा? ग्रुपवर फोटो बघितला. शाल छान होती."

मी म्हटलं, झाला. त्याने सांगितलं, की आज नकार दिला तर पुढची काही वर्षं बदली मागता येणार नाही. मी म्हटलं, चालेल. मग त्याने अर्जातल्या एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. नकाराचं कारण लिहायचं राहिलं होतं. इथून जाण्याची कारणं मी सतरा वर्षं पाठ केली होती, राहण्याचं एकही तयार नव्हतं. कपाट लिहावं की काकड्या, ते ठरेना. क्लार्क बराच वेळ थांबला. शेवटी म्हणाला, "कौटुंबिक लिहा. सगळे तेच लिहितात." मी कौटुंबिक लिहिलं. एवढ्या वर्षांत त्या शब्दाखाली मी पहिल्यांदा खरं लिहिलं असावं.

सही करणारे साहेब मीटिंगमध्ये होते. मी बाकावर बसलो. दुपारी कार्यमुक्तीच्या कागदांचा गठ्ठा आत गेला आणि त्यात माझाही कागद होता, हे मला दिसलं. माझा नकार मात्र अजून क्लार्कच्या टेबलावर पेपरवेटखाली होता. तो आधी जायला हवा, एवढंच मला कळत होतं. मी उठून उभा राहिलो, आणि क्लार्कने माझ्याकडे न बघता अर्ज उचलला आणि गठ्ठ्यामागोमाग आत नेला. दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्याने कार्यमुक्तीचा कागद मला दाखवला. त्यावर आडवी रेघ मारली होती आणि बाजूला सही होती. मी पाणी मागितलं. दोन ग्लास प्यालो.

बाहेर येऊन बायकोला फोन केला. सही झाली, एवढंच म्हणालो.

पलीकडे खोक्याची चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "येताना नळवाल्याला घेऊन या."

त्या रविवारी आम्ही भांडलो. चौदा वर्षांचा ऐवज होता, दिवस पुरला नाही. कढीपत्ता सोमवारी सकाळी लागला.

केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा ते हवालदिल होते. निरोपाचा अहवाल छायाचित्रांसह वर गेला होता आणि आता गेलेला माणूस जागेवरच होता. थोड्या वेळाने त्यांना सुचलं, की एक छोटा स्वागत समारंभ घेता येईल. मी म्हटलं, नको. शाल परत देऊ केली, ती घेण्याची पद्धत नाही म्हणाले.

सोमवारी शाळेत गेलो. मावशी पंपावर होत्या. त्यांनी मला पाहिलं, हंडा भरू दिला, मग विचारलं, "नारळ आणला का परत?"

मी म्हटलं, खाल्ला.

"मंग आता जाता यायचं नाय," त्या म्हणाल्या आणि हंडा उचलून गेल्या.

आत आलो तर कपाट उघडं होतं आणि बाई त्यातून हजेरीपट काढत होत्या. शुक्रवारी मी गेल्यानंतर त्यांनी माझ्या कागदांचा मोबाइलवर काढलेला फोटो समोर धरून तासभर सराव केला होता. कसं उघडलं, ते मी विचारलं.

"उजव्या गुडघ्याने," त्या म्हणाल्या. "डाव्याने नाही जमत, सर. उजव्याने लगेच उघडतं."

मी दार लावलं आणि उजव्या गुडघ्याने उचलून पाहिलं. खरंच लगेच उघडलं. अकरा वर्षं मी डावा गुडघा झिजवत होतो. मी नोंदवही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: उजवा.