मुकी काळी चार

मास्तर धुंडिराज कोल्हापुरात वारल्याचं १९३८ च्या माघात रत्नागिरीला कळलं, आणि दोन दिवसांत गावात त्यांचे इतके भक्त उगवले की मला वाटलं, हे सगळे आजवर कुठल्या बिळात होते? बोलपटांना संगीत देणारा एवढा मोठा माणूस आपल्या पावसचा, म्हणून जो तो छाती पुढे काढून रडत होता. ज्यांनी त्याची एक रेकॉर्ड कधी विकत घेतली नाही, ते हॉटेलात बशीतला चहा फुरकत डोळे पुसत होते. मीही त्यातलाच. वाचनालयाचा चिटणीस, म्हणून स्मृती समितीचाही चिटणीस. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात पहिला हात माझा होता.

सांगायचं आहे ते भागोजीबद्दल.

भागोजी मांडवीचा भंडारी. शिमग्यात खेळ्यांचा मृदंग त्याच्याच गळ्यात असायचा. १९२४ सालापासून मांडवीच्या वाळूत मुक्या चित्रपटांचा तंबू लागू लागला, तेव्हा पडद्याखाली दोघं बसत. पेटीवर पावसचा धोंडू, तबल्यावर भागोजी. पडद्यावर घोडा धावला की खाली भागोजीची बोटं धावायची. हा धोंडूच पुढे मास्तर धुंडिराज झाला.

तंबू गावोगाव फिरे. एकदा केळशीच्या किनाऱ्याला पडावातून, म्हणजे मालाच्या होडीतून उतरताना भागोजीचा पाय सरकला आणि त्याच्या डोक्यावरची धोंडूची पेटी कातळावर आदळली. बाकी सगळं वाचलं, पण काळी चारच्या, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीखालची पितळी जीभ मोडली. धोंडू पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारा, त्यामुळे नेमका मधला पंचम मुका झाला. भागोजी रडकुंडीला आला. धोंडू म्हणाला, "गप रे. पंचमाच्या दारापर्यंत जाऊ नि मागं फिरू, त्यात काय!" आणि खरंच तो तशा चाली बांधायला लागला.

मग बोलपट आले. पडद्याखाली वाजवणाऱ्यांना कोण विचारतो? धोंडूला कोल्हापूरच्या कंपनीनं नेलं. तिथे भलामोठा ऑर्गन होता, म्हणून जाताना तो पेटी भागोजीकडे ठेवून गेला. "येऊन नेईन," म्हणाला. आला नाही. सहा वर्षांत कार्डाचा एक तुकडा धाडला नाही. मेल्यावर कोपरा फाडलेलं कार्ड आलं, तेही गावातल्या बड्या वकीलसाहेबांना. भागोजी तोवर बंदरात पडावावर आंब्याच्या करंड्या चढवत होता.

त्याची बायको मालन चिडायची. "विका ती पेटी. त्याला तुमची आठवण तरी हाय का?"

भागोजी मात्र धोंडूचा प्रत्येक बोलपट बघून यायचा आणि तिला सांगायचा, "फिरला गो, पंचमाशी जाऊन मागं फिरला! तिकडं काय मोडकी पेटी हाय त्याच्याकडं? तरी फिरतो."

हे त्यानं मला पेटी देताना सांगितलं. सभेत मांडायला मास्तरांची जुनी पेटी हवी, म्हणून मी मागायला गेलो होतो. त्यानं ती धोतराच्या फडक्यातून काढली, पुसली आणि म्हणाला, "न्या आप्पा. फक्त त्या पट्टीला हात लावू नका." मी शब्द दिला. सभा झाली की परत आणून देईन, असाही शब्द दिला. माझ्या शब्दांना काय तोटा!

समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांची मुलगी दमयंती सभेत पेटी वाजवणार होती. मुकी पट्टी पाहून ते म्हणाले, "शोभतं का हे?" आणि कारागीर बोलावून नवी जीभ बसवून घेतली. जुनी त्यानं कचऱ्यात टाकली. मी तिथेच उभा होतो. वकीलसाहेबांपुढे कोण बोलणार?

सभेला सभागृह फुटेल एवढी गर्दी. वकीलसाहेब तासभर बोलले. मास्तर पंचम टाळत, ती त्यांच्या आत्म्याची विरक्ती होती म्हणे. भागोजी मागं दाराशी उभा होता. तिथून तो मोठ्यानं म्हणाला, "विरक्ती नाय साहेब. पेटी मी पाडली व्हती."

सभागृह हसलं. "भंडारी आहे, माडी घेऊन आला असेल," असं कुणीतरी म्हणालं, आणि लोक पुन्हा हसले. त्या माणसानं जन्मात थेंब घेतलेला नव्हता. हे मला ठाऊक होतं, आणि मी हातातले कागद सारखे करत बसलो.

मग दमयंतीनं मास्तरांची चाल वाजवली. तिला ती अपुरी वाटली असावी. पंचमापाशी आली आणि मागं न फिरता सरळ त्यावर जाऊन बसली. स्वच्छ, खणखणीत पंचम! ज्या विरक्तीवर आताच माना डोलल्या होत्या, ती गेली कुठे, हे एकाही लेकाच्याला कळलं नाही. टाळ्या पडल्या. मी दाराकडे पाहिलं. भागोजी निघून गेला होता.

पेटी परत गेली नाही. समितीनं ठराव केला आणि ती वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवली. ठराव माझ्याच अक्षरात आहे.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी वाचनालय रिकामं असताना मी कपाट उघडलं, पेटी खोलली आणि पकडीनं ती नवी जीभ मोडून काढली. मग पेटी डोक्यावर घेऊन भर बाजारातून मांडवीला गेलो. समिती गेली खड्ड्यात.

भागोजी अंगणात जाळं विणत होता. मी पेटी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मोडली बघ. होती तशी केली."

त्यानं काळी चार दाबली. फुस्स करून नुसता वारा आला. दोनदा दाबून पाहिली. मला वाटलं, आता हसेल.

"ही तुमी मोडलीत आप्पा," तो म्हणाला. "मी मोडलेली कुठं हाय?"