शिडीबाईंचा उलटा वर्ग

शिडीबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारं कॉलेजात फारसं कोणी नव्हतं. सव्वीस वर्षं त्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवत होत्या आणि दरवर्षी भिंतीला टेकलेल्या शिडीचं गणित आलं की त्यांचा एक ठरलेला विनोद व्हायचा. शिडी म्हणजे घरजावई. सासऱ्याला टेकून उभा राहतो आणि वजन सगळं सासूवर टाकतो. भिंत सासरा, जमीन सासू. वर्ग खो खो हसायचा आणि गुळगुळीत भिंत शिडीचं वजन उचलत नाही ही गोष्ट मुलांच्या डोक्यात कायमची बसायची, असं बाईंना वाटायचं. नाव तिथूनच पडलं होतं.

त्यांचा फळा बघण्यासारखा असायचा. डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, तास संपताना उजव्या कोपऱ्यात उत्तर, मध्ये एकही खाडाखोड नाही. दुसऱ्या शाखांची मुलं दाराशी उभी राहून ऐकायची. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

एका सत्राच्या तोंडावर विभागप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. विभागप्रमुख त्यांचाच जुना विद्यार्थी. अजूनही त्या आत आल्या की तो खुर्चीतून अर्धा उठायचा, आणि एकांतात बाईंच्या तोंडून त्याला ‘अरे’ निसटून जायचं. त्यानं सांगितलं की यंदापासून पहिल्या वर्षाला उलटा वर्ग करायचा. व्याख्यान मुलांनी घरी व्हिडिओवर ऐकायचं आणि वर्गात बसून गणितं सोडवायची. शिक्षकानं मुलांमध्ये फिरायचं. सुरुवात मेकॅनिक्सपासून, कारण बाईंसारखं शिकवणारं दुसरं कोणी नाही.

“म्हणजे मी शिकवते चांगलं, म्हणून मी शिकवायचं थांबवायचं,” बाई म्हणाल्या.

तो हसला, पण मागे हटला नाही.

बाईंना व्हिडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या मदतीला आले तासिका सर. हे तासिका तत्त्वावर नेमलेले, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढ्यापुरते कॉलेजचे. वय तिशीच्या आत, नुकतंच लग्न झालेलं, सहा वर्षं दर सत्राला नवं नेमणूकपत्र घेणारे. पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्यांपैकी एक बाईंकडे, एक त्यांच्याकडे. कॅमेरा कुठे ठेवायचा, आवाज कसा घ्यायचा, चुकलेलं वाक्य कापून कसं टाकायचं, हे सगळं त्यांनी बाईंना न कंटाळता शिकवलं.

शांत जागा हवी होती. बाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि आत डोळे तपासायची एक अरुंद खोली होती. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा तिथे चित्रण सुरू झालं. पहिल्या दिवशी बाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांची बोबडीच वळली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा समोर माणूस नव्हतं. विनोद केला तर खोलीत नुसता पंख्याचा आवाज. नवरा दारातून म्हणाला, “अगं, बोलतेस की शोकसभा घेतेस?” शेवटी तासिका सर समोरच्या खुर्चीत, अक्षरांच्या तक्त्याखाली, जाऊन बसले आणि मान डोलवू लागले. मग बाईंचा आवाज मोकळा झाला. असे चौतीस व्हिडिओ झाले, प्रत्येक बारा-चौदा मिनिटांचा. चौतीसच्या चौतीस वेळा तासिका सर त्या खुर्चीत होते.

सत्र सुरू झालं. एका वर्गात चौदा मेजं, दर मेजाला पाच मुलं. दोन्ही तुकड्यांच्या तासांना दोघांनीही हजर राहायचं असं ठरलं होतं. सात मेजं बाईंची, सात सरांची. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, व्हिडिओ कोणी पाहिला? हात बरेच वर झाले. पण व्हिडिओ कोणी किती वेळ पाहिला हे संगणक सांगत होता. सत्तरांतल्या नऊ जणांनी शेवटपर्यंत पाहिला होता. तेरा जणांनी उघडलाच नव्हता, आणि बाकीच्यांनी चार मिनिटांच्या आत बंद केला होता.

बाईंनी खडू उचलला आणि नेहमीसारखं शिकवून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरानं तासिका सरांनी बिचकत सांगितलं, “मॅडम, ज्या नऊ जणांनी पाहिलं होतं ना, त्यांनीही आता पाहणं सोडलंय. तुम्ही परत सांगणारच हे त्यांना कळलंय.”

बाईंना ते झोंबलं, पण खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फळ्याकडे पाठ केली. खडू टेबलाच्या खणात ठेवून खण लावून घेतला, कारण हाताचा भरवसा नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात शिडीचं गणित आलं. बाई सहा नंबरच्या मेजापाशी थांबल्या. तिथली एक मुलगी चाचणीत पहिली आलेली. तिनं शिडी काढली होती, उत्तरही अचूक होतं. फक्त जमिनीशी शिडीच्या पायाला होणाऱ्या घर्षणाचा बाण भिंतीपासून बाहेर निघाला होता.

“शिडी घसरली तर पाय कुठे जाईल?” बाईंनी विचारलं.

“बाहेर. भिंतीपासून लांब.”

“आणि घर्षण काय करतं?”

“घसरू देत नाही.”

“मग तुझा बाण कुठे चाललाय?”

मुलीनं कागद स्वतःकडे ओढला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, बाण असाच असतो. उत्तर येतं ना बरोबर.”

बाई पुढच्या मेजावर गेल्या. तिथेही बाण बाहेर. त्याच्या पुढच्याही. आपल्या सातांपैकी पाच मेजांवर तोच उलटा बाण, खाली तेच बरोबर उत्तर. एवढी मुलं एकाच दिशेनं कशी चुकतील, हे त्यांना उमगेना. त्यांनी खोदून विचारलं तेव्हा एकानं दप्तरातून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. नऊ वर्षांपूर्वीच्या कुणा विद्यार्थ्यानं बाईंच्या तासाला बसून उतरवून घेतलेली वही. तेव्हापासून वर्षामागून वर्ष हीच फिरत होती. अक्षर मोत्यासारखं. बाईंचा फळा जसाच्या तसा, डावीकडून उजवीकडे. शिडीच्या पानावर समासात लिहिलं होतं : ‘इथे मॅडम जावयाचा विनोद करतात.’ आणि शेजारच्या आकृतीत बाण बाहेर जात होता.

भिंतीचा रेटाही बाहेर, जमिनीचं घर्षणही बाहेर, म्हणजे शिडी भिंतीपासून उडूनच जायला हवी. तरी पुढच्या ओळीत दोन्ही बलं समान म्हणून मांडली होती आणि उत्तर जुळलं होतं.

घरी गेल्यावर बाईंनी आपली स्वतःची जुनी वही काढली. तिच्यात बाण बरोबर होता, पण त्यानं जीव थाऱ्यावर येईना. त्या वहीत भिंत डावीकडे होती. कधीतरी फळ्यावर भिंत उजवीकडे काढली असेल आणि बाण काढताना सवयीनं हात डावीकडेच गेला असेल. कदाचित लगेच तोंडानं दुरुस्तही केलं असेल. कदाचित उतरवणाऱ्याचंच चुकलं असेल. आता कळायला मार्ग नव्हता. जे कळत होतं ते याहून वाईट होतं : नऊ वर्षं या बाणाचे पेपर त्यांनीच तपासले होते. शेवटची ओळ बघितली, आकडा जुळला, पूर्ण गुण. आकृतीवर त्यांची नजर कधी थांबलीच नव्हती. आणि ज्या विनोदावर त्या इतकी वर्षं खूश होत्या, तो मुलांनी सूत्रासारखा पाठ केला होता.

नवऱ्याला त्यांनी हे सांगितलं. तो म्हणाला की त्याच्या दुकानातही लोक तक्ता पाठ करून येतात, वाहनाचा परवाना हवा असतो म्हणून. बाई त्यावर हसल्या नाहीत.

“तुम्ही मग काय करता?”

“तक्ता बदलतो,” तो म्हणाला.

त्यानंतर बाईंनी गणितं बदलली. आकडे काढूनच टाकले. नुसती आकृती, नुसते बाण. प्रत्येक बाण कोण कोणाला ढकलतंय हे मुलांनी तोंडानं सांगायचं. मुलं वैतागली. ज्याला आकडा नाही ते गणित कसलं? महिन्याभरात विभागप्रमुखांकडे अर्ज गेला, त्रेपन्न सह्यांचा. ‘मॅडम शिकवत नाहीत. आम्हालाच विचारतात.’ विभागप्रमुखानं तो बाईंपुढे सरकवला आणि म्हणाला, मनावर घेऊ नका, सुरुवातीला असं होतंच. बाईंनी सह्या वाचल्या. सहा नंबरच्या मेजावरच्या मुलीची सही वरून चौथी होती.

तरी काही हलत होतं. तासिका सरांच्या बाजूला दोन मुलं एका बाणावरून हमरीतुमरीवर आली आणि तास संपला तरी उठेनात. सर लांबून बाईंकडे बघून हसले. एकदा त्या सहा नंबरच्या मुलीनंच बाईंना अडवलं : “मॅडम, तुम्ही व्हिडिओत म्हणता भिंत गुळगुळीत. पण कुठलीच भिंत तशी नसते. मग खरी शिडी कशी काढायची?” सव्वीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी बाई घरी जाताना दोन थांबे आधीच उतरल्या आणि चालत गेल्या.

निकाल लागला. पास होणाऱ्यांचा आकडा जवळपास होता तेवढाच राहिला. फक्त आकृतीचे गुण बाईंनी स्वतः वेगळे काढून पाहिले, ते वाढले होते. हा कागद घेऊन त्या विभागाच्या बैठकीला गेल्या. विभागप्रमुख त्याआधीच बोलू लागला होता. व्हिडिओ उत्तम झाले आहेत, दुसऱ्या विभागांनीही मागितले आहेत. आणि आता व्याख्यानं तयारच असल्यामुळे पुढच्या सत्रापासून दोन्ही तुकड्या एकत्र बसतील, मोठ्या ड्रॉइंग हॉलमध्ये. एक शिक्षक पुरेल. तासिका तत्त्वावरची नेमणूक करण्याची गरज उरलेली नाही.

तासिका सर बैठकीत नव्हते. त्यांना बैठकांना बोलावत नसत.

“अरे, व्हिडिओ म्हणजे शिकवणं नव्हे,” बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि ‘अरे’ निसटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. “खरं काम वर्गात आहे. चौदा मेजांना आम्ही दोघं पुरे पडत नव्हतो.”

“मॅडम, निर्णय वरून आलाय.”

“मग माझे व्हिडिओ काढून टाका.”

“ते कॉलेजचे आहेत,” तो म्हणाला. हे बोलताना त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तासिका सरांना सांगायला त्या स्वतः गेल्या. कारकुनाकडून त्यांना आधीच कळलं होतं. ते टेबलाचा खण रिकामा करत होते; फार काही नव्हतंच त्यात. बाईंनी बरंच बोलायचं ठरवलं होतं. तोंडून एवढंच आलं, “माझ्यामुळे झालं हे.”

“तुमच्यामुळे नाही, मॅडम.”

“चौतीस वेळा बसलात तुम्ही त्या खुर्चीत.”

“मला आवडलं बसायला,” ते म्हणाले. “मी शिकत होतो तेव्हा मला कोणी असं शिकवलं नव्हतं.”

ते चिडले असते तर बाईंना सोसलं असतं. त्यांनी वाकून बाईंना नमस्कार केला, आणि बाईंना हात कुठे ठेवावा ते सुचेना.

दोन महिन्यांनी कळलं की ते एका खाजगी क्लासमध्ये लागले आहेत. तिथे एका वेळी दोनशे मुलं असतात आणि लांबलचक फळा असतो. प्रश्न विचारायला वेळ नसतो, परीक्षेत येणारी गणितं तेवढी करून द्यायची. बाईंनी फोन केला तेव्हा ते बरे आहेत म्हणाले. बाईंनी विचारलं, पुन्हा जागा निघाली तर याल का? ते म्हणाले, “दर सहा महिन्यांनी जीव मुठीत धरून बसायला आता नको वाटतं, मॅडम. घरी बाळ येतंय.” बाईंनी आनंद झाल्याचं सांगितलं, आणि तो खरोखर झालाही. फोन ठेवल्यावर मात्र त्या बराच वेळ दुकानाच्या बाकावर बसून राहिल्या. नवऱ्यानं एका गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.

हॉलला दुसरा शिक्षक द्यावा म्हणून त्यांनी वर तीन पत्रं पाठवली. पहिल्याची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही, तिसऱ्याला उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे. नोकरी सोडावी असंही एकदा मनात आलं. पण त्यांच्याशिवायही व्हिडिओ चालणार होते, आणि मग हॉलमध्ये बाण बघणारं कोणीच उरलं नसतं. म्हणून त्या राहिल्या. उत्साहानं राहिल्या असं म्हणता येणार नाही.

नवं सत्र सुरू झालं. ड्रॉइंग हॉलमध्ये अठ्ठावीस मेजं, एकशे चाळीस मुलं, आणि एकट्या शिडीबाई. त्या एका मेजावर वाकल्या की मागे गोंगाट व्हायचा. गोंगाट थांबवायला गेल्या की मेज अर्धवट राहायचं. पहिल्या आठवड्यातच घसा बसला. नवीन मुलांकडेही त्याच मोत्यासारख्या अक्षराचे गठ्ठे होते. बाईंनी ते काढून घेतले नाहीत. त्यातलं शिडीचं पान उघडायला लावलं आणि विचारलं, या आकृतीतली शिडी उभी राहील का? काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही, बऱ्याच जणांनी शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं. बाई पहिल्या मेजापासून फिरू लागल्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा त्या सतराव्या मेजापाशी होत्या. उरलेल्या अकरा मेजांचे नंबर त्यांनी पेनानं तळहातावर लिहून घेतले, उद्या तिथून सुरुवात करायची म्हणून.