पिवळ्या शिक्क्याचा डॉलर

सोन्या-चांदीचे भाव घ्यायला मी सांगलीच्या एका सराफी पेढीवर जात असे. लढाई संपल्याच्या पुढल्या वर्षी तो तिथे एकदाच दिसला. इटलीहून परतलेला शिपाई, सोबत म्हातारी आई. गादीवर बसूनही त्याची पाठ ताठ होती. सिगारेटच्या डबीतून त्याने एक डॉलरची नोट काढली आणि दोन बोटांनी सराफापुढे ठेवली.

सराफ म्हणाला, "चांदीच्या हमीची दिसते. पण अशा नोटांचा शिक्का निळा असतो. हिचा पिवळा कसा?"

"माज्यामुळं," आई हळूच म्हणाली. "पोरगं सुखरूप आलं म्हनून देवापुढं ठिवून हळद वाहिली. नासली नोट."

"आई, शिक्का पिवळाच छापलाय. अमेरिकेच्या फौजेसाठी. जर्मनाच्या हाती पडल्या तर तेवढ्याच नोटा रद्द करायच्या."

"माजी समजूत घालतूस व्हय रं?"

त्याने ओला अंगठा शिक्क्यावर घासून तिला दाखवला. अंगठा स्वच्छ होता. मग कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावर घासला, तो पिवळा झाला. सराफाने नोट उजेडात धरून कागदातले तांबडे-निळे धागे पाहिले.

"खरी आहे, आजी. कितीला द्यायची?"

"इकायची न्हाई, काका," शिपाई म्हणाला. "हिनं जेवान टाकलं हुतं. माजं ऐकंना, म्हनून तुमच्याकडं आनली."

त्या पेढीवरून काहीही न विकता इतका खूश होऊन गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो नोट डबीत ठेवत होता, तोवर म्हातारी पायऱ्या उतरून खानावळ कुठे आहे ते विचारत होती.