दोनच वाचकांची कादंबरी

कंधारच्या एसटी आगारात गुलाम रसूल यांनी एकतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी बेगमबी गेल्या. मुलगी सदफ हैदराबादला नांदते. दुपारचं घर अंगावर यायला लागलं तसे ते वाचनालयात जाऊन बसू लागले, आधी फक्त पेपरापुरते. ग्रंथपाल आरतीनं एकदा त्यांच्या हातात कादंबरी दिली. शाळा मराठीतच झालेली, पण गोष्टीचं एवढं जाड पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच उघडलं.

कादंबरीत नवरा वारलेली एक बाई होती. पन्नास पानं झाली तरी काही घडेना. बाई भांडी घासते, टपाल घेते, कुलूप लावते. ती रडत का नाही, हे लेखक सांगेना. गुलाम रसूल यांना त्याचा रागच आला. मग त्यांच्या लक्षात आलं, कुणीही विचारलं की ती ‘बरं चाललंय’ म्हणते. मागं जाऊन त्यांनी मोजलं. सतरा वेळा. त्याच दिवशी मशिदीतून घरी येईपर्यंत ते स्वतः चौघांना हेच म्हणाले होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. सदफनं फोनवर ऐकून घेतलं आणि बीपीची गोळी घेतली का, ते विचारलं. आगारातले जुने कंडक्टर किशनराव टपरीवर भेटले. त्यांनी शेवटी काय होतं तेवढं विचारलं. काहीच होत नाही म्हटल्यावर ते सोयाबीनच्या भावाकडे वळले.

पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर त्यांच्याशिवाय आणखी एकच तारीख होती, सहा वर्षांपूर्वीची. आरतीनं रजिस्टर पाहिलं. नाव उज्वलाबाईंचं निघालं. त्या कंधारला शिक्षिका होत्या, आता अहमदपूरला राहायच्या. गुलाम रसूल भेटायला आले तर चालेल का, हे आरतीनंच फोन करून विचारलं. त्यांनी खुशाल या म्हणून सांगितलं.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते बसमध्ये बसले. वाटेत दोनदा वाटलं, उतरावं अन् परत फिरावं.

उज्वलाबाईंनी चुरमुऱ्यांचा सुशीला करून ठेवला होता. सत्तरीच्या, घरात एकट्याच. त्यांच्या हातातलं पुस्तक पाहून त्या ओशाळल्या.

“भाऊ, खरं सांगू का? मी अर्धंच वाचलं होतं. ह्यांचं दुखणं निघालं अन् तसंच परत केलं. ती बाई शेवटी कुणापाशी बोलते का हो?”

“न्हाई बोलत.”

“कुणापाशीच?”

“हाव. शेवटच्या पानावर कपडे वाळू घालती, बस.”

उज्वलाबाईंनी सुशीलाची बशी पुढं सरकवली. मग त्यांनी विचारलं, “तुमचं कसं चाललंय?”

नेहमीचं उत्तर गुलाम रसूल यांच्या ओठावर आलं आणि तिथंच अडकलं. नांदेडच्या दवाखान्यात ते वीस दिवस बेगमबींच्या खाटेजवळ बसून होते. एका सकाळी त्या गेल्या, तेव्हा ते खाली चहा प्यायला गेले होते. हे त्यांनी सदफलाही सांगितलं नव्हतं. ते सगळं त्यांनी परक्या घरात, खाली बघत सांगितलं. उज्वलाबाईंनी समजूत घातली नाही. नुसतं ऐकलं.

उरलेलं वाचायला पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. पंधरा दिवसांनी ते ओळखीच्या कंडक्टरबरोबर परत आलं. आत चिठ्ठी होती: ‘शेवट आवडला नाही. पण लेखक तरी दुसरं काय करणार होता?’

दिवाळीनंतर मुलानं उज्वलाबाईंना पुण्याला नेलं. एकदा फोन आला, पुढं नाही. गुलाम रसूल यांनी आता दुसरी कादंबरी घेतली आहे. चाळीस पानं झाली. अजून काही खास वाटत नाही.