बारा आकडी नंबर

कोणाचं पार्सल हरवलं, कोणाचं चुकून दुसऱ्या गावाला गेलं, याची नोंद आमच्या हबचा कंप्युटर ठेवतो. किस्से मात्र त्याच्यात भरायला जागाच नाही, ते माझ्याकडे साचतात. नंदुरबारला एका ऑनलाइन कंपनीच्या डिलिव्हरी हबमध्ये मी फोन सांभाळते. 'पार्सल आलं नाही' म्हणणारा जिल्ह्यातला प्रत्येक माणूस आधी माझ्या कानात ओरडतो. मैत्रिणी म्हणतात, "तुझं काय, एसीत बसून गप्पा!" एसी बंद आहे, आणि गप्पा कसल्या? भीतीनं हातपाय गार पडायची नोकरी आहे ही! ऐकाच.

आमचा भटू शहादा लाइनवर असतो. एकदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला लोणखेड्याकडच्या एका मळ्यातून एका बाईंचा फोन आला. त्या शिक्षिका होत्या, आवाजही वर्गात असल्यासारखाच.

"तुमचा माणूस माझ्या फाटकाशी गाडी चालू ठेवून गायब झालाय. आणि मोबाइलवर मेसेज काय, तर 'ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही'! मी घरात बसलेय!"

मी त्यांना लाइनवर ठेवून दुसऱ्या फोनवरून भटूला लावला. रिंग गेली. बाई म्हणाल्या, "अहो, रिंग तर आमच्या कडुनिंबातून येतेय!"

तेवढ्यात भटूनं उचलला. आवाज इतका बारीक की मला आधी कळेचना. "मॅडम, फोन नका करा! वाजस तो! खाले बिबट्या बसेल शे!"

इकडे बाई म्हणतायत, "थांबा, मीच बाहेर जाऊन बघते." मी किंचाळले, "दार उघडू नका! बिबट्या आहे!" पलीकडे कडी लावल्याचा आवाज आला.

बिबट्या झाडावर माणसापेक्षा चांगला चढतो, हे मला ठाऊक होतं. भटूला ठाऊक आहे की नाही ते माहीत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. शेजारच्या मळ्यातले लोक ट्रॅक्टर घेऊन, डबे वाजवत येईपर्यंत चाळीस मिनिटं मी दोन्ही कानांना दोन फोन लावून बसले होते. बिबट्या उसात गेला. भटूला झाडावरून उतरवायला दोन माणसं लागली, त्याची बोटं फांदीवरून सुटेनात.

नंतर मी विचारलं, "अरे, तशा वेळी 'ग्राहक उपलब्ध नाही' कशाला टाकलंस?"

म्हणाला, "मॅडम, टाइम संपी ऱ्हायन्ता. अन् ऑप्शनमा बिबट्या नही ना!"

पार्सल पळताना पडलं होतं, ते सकाळी सापडलं. मिक्सर होता. खोक्यावर पंजाचे ओरखडे. बाईंनी सगळं तपासून मला फोन केला, "मॅडम, चटणीचं भांडं नाहीये!"

*

एकदा दुपारी थेट मुख्य गोदामातून फोन आला. असा फोन आला की आमचे इन्चार्ज चौधरी सर खुर्चीतून उठून उभे राहतात. समोर कोणी नसलं तरी!

"तुमच्याकडून परत आलेल्या पाकिटात कोणतं केमिकल आहे? पाकीट उघडणारी दोन माणसं डोळे चोळत बाहेर पळालीत. एकाला श्वास लागलाय. सगळा मजला रिकामा केलाय आम्ही!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. हबचं शटर लावलं, आम्ही तोंडाला रुमाल बांधले. मी नंबर टाकून बघितलं तर एका बाईंनी परत पाठवलेला लेकीचा स्वेटर. साईज लहान पडला म्हणून. सर आणि मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेलो, तर त्या कामावर. काम कुठे? गावाबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर! तिथे मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली आणि बाया ओळीनं बसून देठ खुडतायत.

स्वेटरचं नाव काढताच त्या बाई उभ्याच राहिल्या. "मी काय केलं वो साहेब? एकच दिवस घातला. सकाळी थंडी वाजे, म्हणून पोरीचाच अंगावर घातला. पोलिस येतीन का?"

सर काही बोलायच्या आत त्यांना अशी शिंकांची झड लागली की डोळ्यांतून धारा! मीच म्हटलं, "मावशी, घाबरू नका. पोलिस नाही येणार."

गोदामातल्या माणसाची तब्येत संध्याकाळपर्यंत ठीक झाली. पण फॉर्म भरायचा होता. 'पदार्थाचं स्वरूप' या रकान्यापाशी सर बराच वेळ बसले आणि शेवटी त्यांनी लिहिलं, 'भाजीत घालतात.'

*

हा छोटा आहे. एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "पार्सल मिळालं म्हणून तुम्ही परस्पर सही ठोकली! थांबा, येतोच तिथे, एकेकाला बघतो!" आवाज असा की आम्ही शटर खाली ओढून आतून कुलूप घातलं. अर्ध्या तासात शटरवर दणादण हात पडायला लागले. सुनीता, आमची नवापूर लाइनची डिलिव्हरीवाली, टेप कापायचं कटर घेऊन दाराशी उभी.

बाहेरून आवाज आला, "अहो, उघडा! शेजाऱ्यानं घेऊन ठेवलं होतं! सॉरी म्हणायचंय!"

आम्ही तरी उघडलं नाही.

*

भंवरलालशेठ कापडाचे व्यापारी. वडील राजस्थानातून आलेले, शेठ मात्र इथेच वाढले. सत्तरीचे असतील. माणूस असा की दुकानात मुंगी चालली तरी तिला वळसा घालून जाईल. एक दिवस भर बारा वाजता ते हबमध्ये आले. हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन जोडी कपडे, बीपीच्या गोळ्या आणि जपमाळ. दुसऱ्या हातात मोबाइल, छातीशी धरलेला.

माझ्या टेबलाजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "बेटा, मी आलो. आता मला कुठे बसायचं?"

मला काही कळेना. मोबाइलमध्ये बघते तर व्हिडिओ कॉल चालू! वर्दीतला एक माणूस, मागे भिंतीवर झेंडा. शेठच्या नावाच्या पार्सलमध्ये नशेचा माल सापडला आहे, कॉल तोडला तर मुलालाही उचलू, असं सकाळपासून सांगत होता. शेठनी बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. पार्सल म्हणजे आम्हीच, म्हणून बिचारे आपण होऊन हजर झाले होते.

मी फोन घेतला. खोटं कशाला सांगू, वर्दी बघून मीही उठून उभी राहिले. पण सवय वाईट! तोंडातून आपोआप निघालं, "नमस्कार, मी कस्टमर केअरमधून बोलतेय, तुमची काय मदत करू?"

त्यानं झटकन कॉल कापला! कस्टमर केअर म्हटल्यावर लोक चिडतात, रडतात, शिव्या देतात. घाबरून पळालेला हा पहिलाच!

आम्ही शेठना पाणी दिलं, मुलाला बोलावलं, सायबर पोलिसांना कळवलं. सगळं फसवणुकीचं आहे हे चौघांनी चार वेळा समजावलं. शेठ मान हलवत होते, पण पिशवी सोडत नव्हते. तासाभरानं मुलगा हाताला धरून उठवायला लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बेटा," म्हणाले, "मी जाऊ ना घरी? तुझी परवानगी आहे ना?"

*

धडगाव लाइन गेमसिंगकडे. स्वतः पावरा आदिवासी, सातपुड्यातलाच, त्यामुळे पत्ता नुसता 'मोठ्या आंब्याजवळ' एवढा असला तरी तो पोचतो. दिवाळीनंतर त्याच्या लाइनवर अर्धे पाडे रिकामे असतात, माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. अशाच एका मुलानं तिकडून आईसाठी सोलरचा दिवा मागवला. तीन दिवस आमच्याकडे 'घर बंद' येतंय आणि मुलगा तिकडून मला रोज फोन करतोय. "मॅडम, आई घरातच असते. कुठे जाणार ती? तिला काही झालं तर नाही ना?"

चौथ्या दिवशी गेमसिंगला मी म्हटलं, "दार उघडेपर्यंत तिथून हलू नकोस."

तो दारासमोर जाऊन बसला. आत कोणीतरी आहे हे त्याला कळत होतं, कुडाच्या फटीतून एक डोळा दिसत होता. अर्धा तास गेला. मग आतून पावरीत प्रश्न आला, "घर मोजायला आलास का?"

"नाही आजी. तुझ्या मुलानं दिवा पाठवलाय."

"मग कागद कशाला आणलास?"

कागद म्हणजे खोक्यावरचं लेबल! तिच्या लहानपणी नदीकाठच्या गावात असाच पँटवाला माणूस कागद घेऊन आला होता म्हणे. कागदावर बापाचा अंगठा घेतला आणि मग घर, शेत, सगळंच धरणाच्या पाण्यात गेलं. गेमसिंगनं मुलाला फोन लावला, फटीपाशी धरला. मुलाचा आवाज ऐकल्यावर दार वीतभर उघडलं. एक हात बाहेर आला आणि खोकं आत गेलं. दार परत बंद.

गेमसिंग गाडीला किक मारणार, तोच दार पुन्हा उघडलं. म्हातारी बाहेर आली. लेबल नखानं सोलून काढलेलं, जराही फाटू न देता. त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "हा तू परत ने. मी कुठेच अंगठा दिलेला नाही, हे तिथे सांग."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

एक दिवस अकराच्या सुमाराला फोन आला. तरुण बाईचा आवाज. "मॅडम, मी विसरवाडीजवळून बोलते. माझं पार्सल आलं नाही."

"ट्रॅकिंग नंबर सांगा ताई."

तिनं एकेक आकडा थांबून थांबून सांगितला. मी टाकला. काहीच नाही. "ताई, आमचा नंबर बारा आकडी असतो. तुमचे दहाच आहेत."

"नाही मॅडम, हाच आहे. तुम्ही याच नंबरवर बघा. नक्की बघा."

"होतं काय पार्सलमध्ये?"

"चप्पल. माझ्याकडे चप्पल नाही मॅडम. बाहेर पडताच येत नाही."

मागून पुरुषाचा आवाज आला, "स्पीकरवर टाक." मग फोन बंद झाला. चपलेशिवाय बाहेर पडता येत नाही म्हणे, मी सुनीताला हसत सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी परत अकरा वाजता. तेच दहा आकडे, तीच चप्पल. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी कंप्युटर बंद होता, म्हणून मी आकडे खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले. फोन ठेवला आणि पुठ्ठ्याकडे बघत राहिले. सुरुवात नव्व्याण्णवनं. दहा आकडे. तो मोबाइल नंबर होता!

मी तो लावला. एका म्हाताऱ्या माणसानं उचलला.

"कोन बोली ऱ्हायनं?"

"मी पार्सल ऑफिसमधून बोलते, काका. विसरवाडीकडच्या एका ताईनं हा नंबर दिला. तीन दिवस देतेय."

त्यानं हळूच विचारलं, "तिना आवाज कसा व्हता?"

"तुम्ही तिचे कोण, काका?"

"मन्ही पोर शे ती, ताई. चार महिना व्हयनात, बोलू देतस नहीत. दोनदा गऊत. दारमाच सांगतस, झोपेल शे."

चौधरी सर म्हणाले, "आपण यात पडायचं नाही, वरून विचारतील." मग फोनच्या मशीनमध्ये आपोआप रेकॉर्ड झालेले तिचे तिन्ही कॉल त्यांनी स्वतःच लावून ऐकले, आणि उठून गाडीची चावी घेतली. पोलिस ठाण्यात रेकॉर्डिंग ऐकल्यावर एक महिला कॉन्स्टेबल साध्या साडीत आमच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये येऊन बसल्या. बाप शेजारी बसला. त्यानं घरून येताना लेकीची जुनी चप्पल आणली होती, ती मी खोक्यात भरली. लेबलवर तिचं नाव टाकताना माझं अक्षर वाकडं आलं.

सुनीता दारात गेली. मी व्हॅनमधून बघत होते. सासू बाहेर आली. "आणा इकडे."

"ज्याचं नाव त्यानंच घ्यायचं, मावशी. ओटीपी लागतो."

नवरा आला. त्यालाही तिनं तेच सांगितलं. आवाज स्थिर होता. शेवटी आतून ती आली. उंबऱ्यावर उभी राहिली. अनवाणी.

"ओटीपी सांगा, ताई."

ओटीपी कोणी पाठवलाच नव्हता! तिनं सुनीताकडे बघितलं आणि ते दहा आकडे सांगितले. एकेक, थांबून थांबून.

सुनीतानं खोकं तिथेच फोडलं. चप्पल पायाशी ठेवली. "साईज बघून घ्या."

तिनं खाली बघितलं. चप्पल ओळखली. पाय घातले आणि चालायला लागली. अंगण, फाटक, रस्ता, एकदाही मागे न बघता. नवरा पुढे झाला, तेव्हा व्हॅनचं दार उघडून कॉन्स्टेबल खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. मी उचलला.

"मॅडम," पुरुषाचा आवाज, अगदी शांत. "काल तुमच्या गाडीतून जे नेलं, ते परत कधी येणार?"

समोर स्क्रीन होती, तिच्याकडे बघत मी म्हणाले, "डिलिव्हर्ड दाखवतंय, सर."