बूटवाल्याचा टेप आणि उलट्याची चिठ्ठी

"हळू बोल गं ताई, बाजार चालू आहे."

"खड्ड्यात गेला तुझा बाजार! इथं एक माणूस टेप घेऊन माझ्या खोलीत गुडघ्यांवर रांगतोय. भिंती मोजतोय, भिंती! म्हणतो, पुढच्या महिन्यापासून जागा माझी. कोण आहे हा?"

"दिसतो कसा?"

"माणसासारखा दिसतो! बुटांचा होलसेलवाला म्हणवतोय स्वतःला. आणि तुझं नाव घेतोय."

उलट्याने फोन या कानावरून त्या कानावर नेला. त्या कानालाही तेच ऐकू आलं.

"फारच लवकर आला की हा," तो पुटपुटला.

"काय म्हणालास? लवकर? म्हणजे येणार होता?"

"अगं ऐकून तरी घे, ते म्हणजे एक..."

"फोनवर नको. मीच येते तिकडे. बाबांना घेऊन येते." आणि फोन आपटल्याचा आवाज आला. ताईची पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात गेली होती. फोन कसा आपटला म्हणजे पलीकडच्याच्या दाढेपर्यंत कळ जाते, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

उलट्या म्हणजे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, मध्ये एक टेबल. टेबलाच्या अलीकडे वडील आणि पलीकडे हा, कारण अलीकडे दुसरं स्टूल मावत नव्हतं. त्यामुळे काट्यावरचे आकडे, वजनांवरचे छाप, गिऱ्हाइकाच्या पावतीवरची नावं, सगळं याने उलट्या बाजूनेच वाचायला शिकून घेतलं. शाळेत पुस्तक सुलटं धरलं की याचं टाळकं फिरायचं. मास्तरांनी कान धरून नाव ठेवलं, ते आता पन्नाशी उलटून दोन वर्षं झाली तरी चिकटून आहे.

मोठा झाल्यावर तो एका शेअर दलालाकडे कारकून म्हणून लागला. तिथं त्याची पहिली फजिती झाली ती पंख्यापायी. टेबलावर ठेवायचे पंखे करणारी एक कंपनी होती. याने एक पंखा विकत आणला, चालवून पाहिला, खोलून पाहिला, वडिलांना दाखवला. वडील म्हणाले, "काम चोख आहे." झालं! गडी पंख्याच्या प्रेमातच पडला. होतं नव्हतं ते त्या कंपनीच्या शेअरात घातलं. भाव उतरला, याने आणखी घेतले. आणखी उतरला, आणखी घेतले. शेवटी कंपनीला कुलूप लागलं. पंखा मात्र अजून चालतो. त्याच्या ऑफिसात खिडकीशी ठेवलाय, मान हलवत असतो. कंपनी बुडाल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

त्या दिवसापासून उलट्याने स्वतःला एक नियम घालून घेतला. काहीही घ्यायचं तर आधी हातभर लांब भाषण न करता तळहाताएवढ्या चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ, का घेतलं. दुसरी, कधी सोडायचं. तिसरी, अंदाज चुकलाच तर सावरायला उलट्या बाजूला काय लावून ठेवलंय. चिठ्ठी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. आणि दुसऱ्या ओळीत लिहिलेलं घडलं की मुकाट्याने बाहेर. चिठ्ठीशी हुज्जत नाही.

पुढे याच नियमावर त्याने स्वतःचा हेज फंड काढला. नाव भारी असलं तरी प्रकार सोपा आहे. पैसेवाल्यांचे पैसे घ्यायचे, एका हाताने वर जाणाऱ्या मालावर डाव लावायचा, दुसऱ्या हाताने खाली येणाऱ्यावर, म्हणजे वारं कुठूनही आलं तरी टोपी डोक्यावरच राहते. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत सहा माणसं आणि कॉम्प्युटरचे बारा पडदे. दुसरीत बडे गुंतवणूकदार आले की बसवायला काचेचं टेबल, चामड्याच्या खुर्च्या आणि एक झाड, ज्याला पाणी घालायची आठवण कुणालाच राहत नसे.

त्याचं नाव झालं ते भाड्याच्या स्कूटरींच्या साली. शहरात जिथं तिथं त्या स्कूटरी उभ्या, आणि सगळी दुनिया त्या कंपनीचे शेअर घ्यायला पळत होती. उलट्या पंधरा दिवस नुसता पायी फिरला. कुठं चाक वाकडं, कुठं आरसा गायब, एक तर सरळ गटारात पालथी पडलेली. त्याच्या मोजणीत दर तिसरी स्कूटर लंगडी निघाली. ऑफिसात परत येऊन त्याने जग करत होतं त्याच्या नेमका उलटा डाव लावला. वर्षभर लोकांनी त्याला येडा म्हणून घेतलं. मग ती कंपनी आपटली, आणि त्यानंतर कुणी म्हणालं नाही.

पैसा आला तसा उलट्या जरा गांगरलाच. सदरे तेच दोन रंगांचे, चपला त्याच. मोठं घर घेतलं, पण त्यातही एका खोलीत राहायचा. अशात वडिलांना ऐकू येईनासं झालं. याने चांगल्यातलं कानाचं यंत्र आणून दिलं. म्हाताऱ्याने आठवड्यात ते स्क्रू काढून उघडलं, आत फुंकर मारली, बारीक चिमट्याने काहीतरी सरकवलं आणि म्हणाला, "आता बरं ऐकू येतंय. आधी सगळे डब्यात तोंड घालून बोलत होते." शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनीही आपापली बंद पडलेली यंत्रं आणून दिली. तीही चालू झाली.

ताई नुकतीच रिटायर होऊन घरात सगळ्यांच्या चुका काढत बसली होती. उलट्याने एक तळमजल्याची खोली भाड्याने घेतली, बाहेर पाटी लावली: कानघर. यंत्र फुकट, दुरुस्ती फुकट. दुरुस्तीला बाबा, आणि माणसाला आवाज ओळखायला, बोलायला, न लाजता "पुन्हा सांगा" म्हणायला शिकवायला ताई. पस्तीस वर्षं खरखरत्या तारांवरून लोकांचे आवाज पारखलेली बाई. तिच्याइतकं या कामाला लायक दुसरं कोण होतं?

आणि याने, सवयीचा गुलाम, कानघराचीही चिठ्ठी लिहून डब्यात टाकली.

ताई जिना चढून आली ती धापा टाकत. मागून बाबा, हातात हत्यारांची पिशवी, चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण जिना ताईपेक्षा बरा चढले. ताईने काचेच्या टेबलावर कानघराच्या किल्ल्या टाकल्या. शेजारच्या खोलीतली सहाही माणसं पडद्यांकडे बघायचं सोडून इकडे बघायला लागली.

"काय आहे ते सांग. सगळं सांग. तो बूटवाला म्हणतो दीड वर्षापूर्वीच बोलणं झालंय. दीड वर्षापूर्वी! म्हणजे मी खुर्चीत बसायच्या आधी तू ती खुर्ची विकून मोकळा!"

"विकली नव्हती. फक्त सांगून ठेवलं होतं, जागा रिकामी झाली तर तुला देईन. आणि आता एवढंच कळवलं, की बहुतेक पुढच्या महिन्यात..."

"चिठ्ठी काढ."

"ताई..."

"तुझी ती डब्यातली. काढ."

उलट्याच्या हाताखाली आकडे तपासायला एक पोरगी होती. प्रत्येक गोष्टीत तिला शंका, म्हणून तिचं ऑफिसातलं नावही शंकाच. उलट्या उठायच्या आधी शंकाच डबा घेऊन आली. चिठ्ठी तिने जरा जास्तच लवकर शोधली.

ताईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "का घेतलं: बाबांना ऐकू येत नाही, आणि असे म्हातारे गल्लोगल्ली आहेत. कधी सोडायचं: महिन्याला चाळीसाहून कमी माणसं, सलग तीन महिने. उलट बाजू: जागा बूटवाल्याला." तिने चष्मा काढला. "बहिणीवर डाव लावलास. तोही बहिणीच्या विरुद्ध."

"विरुद्ध नाही गं! विमा काढतात ना, तसं. घराला विमा काढला म्हणजे घर जळावं असं थोडंच वाटतं कुणाला?"

"घराचा विमा काढलास तर ठीक. तू तर राख उचलायला माणूस ठरवून ठेवलास."

शेजारच्या खोलीत कुणीतरी खोकलं. हसू दाबल्यासारखा खोकला.

"बरं, आकडे बघ," उलट्या आता आपल्या वाटेवर आला. आकडे म्हटले की त्याचा आवाज स्थिर व्हायचा. "पहिल्या वर्षी महिन्याला ऐंशी माणसं. मग साठ. गेल्या महिन्यात एकतीस, त्याआधी पस्तीस. दोन महिने झालेत. हा तिसरा. आज वीस तारीख, किती झाली?"

"बावीस."

"बघ."

ताई एवढंच म्हणाली, "त्या बावीस जणांनी जायचं कुठं?" आणि खुर्चीत बसली. आवाजातली धार एकदम गेली होती, आणि उलट्याला ती भांडत असतानापेक्षा हे जास्त जड गेलं. शंकाने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "सर, माणसं कमी का झाली हे आपण विचारलंच नाही. स्कूटरींच्या वेळी तुम्ही पंधरा दिवस पायी फिरला होता. कानघरात शेवटचं कधी गेला होता?"

उलट्याने झाडाकडे पाहिलं. झाडाकडून काही मदत मिळाली नाही.

एवढा वेळ बाबा खिडकीशी पंख्यापुढे उभे होते. यंत्र त्यांच्या खिशात होतं. भांडण दिसलं की ते काढून खिशात टाकायची त्यांची पद्धत. आता त्यांनी ते कानात घातलं, बोटाने फिरवलं आणि बहिऱ्या माणसाच्या हिशेबाने हळू, म्हणजे जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "काय बिघडलंय?"

ताईने सांगितलं. माणसं कमी येतात म्हणून कानघर बंद.

"कमी येतात?" बाबांना भांडणच समजेना. "मग? यायला कशाला पाहिजेत? मी दुरुस्त केलंय की!"

ते उलट्याकडे वळले.

"अरे, दुकानात तू समोर बसायचास ना? किराणावाल्याचा तो मोठा काटा आठवतो? वर्षातून एकदा यायचा. कोळशावाल्याचा दोन वर्षांनी. आणि नाक्यावरच्या त्या दुसऱ्या कारागिराकडे रोज रांग! का? तर त्याने केलेला काटा आठवड्यात परत बिघडायचा. तू मला विचारलं होतंस, बाबा त्याच्याकडे गर्दी, आपल्याकडे का नाही. मी काय म्हणालो?"

उलट्याला आठवत होतं. बाबा तेव्हा काहीच म्हणाले नव्हते. नुसती टपली मारली होती, इथं, उजव्या कानशिलावर.

"आधी म्हाताऱ्यांची पोरं यंत्रं न्यायची आणि आठवड्यात परत आणायची," ताई आता ताठ बसली. "घाम जायचा आत, मळ बसायचा. मी सगळ्यांना पुसायला शिकवलं. बॅटरी बदलायला शिकवलं. ऐंशी वर्षांच्या बायका आता आपली आपण बदलतात. म्हणून येत नाहीत मेल्या! आणि मला वाटत होतं, मीच कुठे कमी पडले."

"आणि जे नवीन येतात ते?" शंकाने विचारलं.

"बावीसातले एकोणीस नवीन," ताई म्हणाली. तिला नावानिशी ठाऊक होते.

उलट्या उठला. चिठ्ठी हातात घेतली. एकदा सुलटी वाचली, मग टेबलावर ठेवून ताईच्या बाजूने, म्हणजे उलटी, वाचली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो चिठ्ठीशी हुज्जत घालत होता, आणि हुज्जतीत चिठ्ठी हरत होती, म्हणून त्याला जरा बरंही वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यावर बूटवाला हजर. टेप अजून गळ्यात. "साहेब, बाईंनी मला दाराबाहेर काढलं. पण माझा ट्रक एक तारखेला येतोय. अडीच हजार खोकी. तुम्ही शब्द दिलाय. मी जुनी जागा सोडून बसलोय. आता ती खोकी मी डोक्यावर ठेवू का?"

खरं होतं. शब्द दिला होता. ताईने ओठ आवळले. किल्ल्या अजून टेबलावरच होत्या आणि तिने त्यांना हात लावला नव्हता.

उलट्याने खोलीभर नजर फिरवली. काचेचं टेबल. चामड्याच्या खुर्च्या. झाड.

"टेप आण इकडे," तो बूटवाल्याला म्हणाला. "ही खोली मोज."

"ही?"

"ही. उंची पण बघ, छत वर आहे. तुला नवी जागा मिळेपर्यंत, भाडं नाही."

"सर," शंका घाईने म्हणाली, "पाच तारखेला ते मोठे गुंतवणूकदार येणार आहेत. कुठं बसतील?"

"खोक्यांवर. चांगली मजबूत असतात ना रे?"

"एकावर एक सात लावली तरी दबत नाहीत," बूटवाला अभिमानाने म्हणाला आणि लगेच गुडघ्यांवर रांगू लागला.

उलट्याने कोरी चिठ्ठी ओढली. का घेतलं, या ओळीत जुनंच उतरवलं. दुसऱ्या ओळीशी पेन थांबलं. त्याने चिठ्ठी फिरवून ताईपुढे सरकवली. "तू सांग. कधी सोडायचं?"

ताईने पेन घेतलं. चष्मा लावला आणि लिहिलं: शहरात एकही माणूस "काय म्हणालात?" असं विचारेनासा झाला की.

"आणि तिसरी ओळ?"

"ती कोरी राहू दे. सवय कर." तिने किल्ल्या उचलल्या. "आणि महिन्यातून एक सकाळ येऊन बसायचं. पंधरा दिवस पायी फिरतोस परक्या स्कूटरींसाठी."

"बरं."

"काय?" बाबा ओरडले. पंख्यापुढे उभे असल्याने त्यांच्या यंत्रात वारं घुसत होतं.

"बरं म्हणालो, बाबा!"

"मग हळू बोल की! ओरडतोस कशाला?" त्यांनी जाता जाता पंख्याच्या जाळीला बोट लावलं, कान देऊन ऐकलं आणि पिशवीतून तेलाची कुपी काढून दोन थेंब सोडले. "काम चोख आहे याचं," ते म्हणाले.

ताई आणि बाबा जिना उतरले. बूटवाला चामड्याच्या खुर्चीखाली शिरून कोपरा मोजत होता. उलट्याने चिठ्ठी डब्यात टाकली, बाह्या सारल्या आणि शेजारच्या खोलीत जाऊन आपल्या जागेवर बसला. बाजार बंद व्हायला अजून तीन तास होते, आणि सकाळपासून त्याने एका सिमेंटवाल्याच्या डावाकडे पाहिलंच नव्हतं.

"शंका, सिमेंटचं काय झालं?"

"खाली चाललंय, सर."

"का चाललंय ते विचारलंस?"

"अजून नाही."

"मग विचार आधी," उलट्या म्हणाला, आणि फोन उचलला.